उसना दिवस

७ ऑक्टोबर १९६४. फण्यांच्या कारखान्यात आग. मृत : एकतीस.

हा आकडा मालकांनी दिला, सरकारने मान्य केला, आणि पुढची चव्वेचाळीस वर्षे त्याला कुणी हात लावला नाही. फण्या सेल्युलॉइडच्या असत. हे द्रव्य दिसायला हस्तिदंतासारखे आणि पेट घ्यायला कापरासारखे. करवतीच्या खोलीत ठिणगी पडली तेव्हा आत असलेल्या बायकांना काय झाले ते कळायलाही वेळ मिळाला नाही. चेहऱ्यावरून ओळख पटावी असे कुणाचेच काही उरले नव्हते. मोजणी झाली ती बिल्ल्यांवरून. प्रत्येक कामगाराचा क्रमांक कोरलेला पितळी बिल्ला असे. सकाळी तो फाटकाजवळच्या फळीवरून उचलायचा, संध्याकाळी त्याच खिळ्यावर परत टांगायचा. ज्या खिळ्यावर बिल्ला परतला नाही आणि ज्या घरी माणूस परतले नाही, ते माणूस गेले असे धरण्यात आले. एक खिळा असा निघाला की त्यावरचा बिल्ला बेपत्ता होता, पण त्या क्रमांकाची बाई आपल्या घरी जिवंत होती. बिल्ला हरवला असे म्हणून तो खिळा हिशेबातून सोडून देण्यात आला.

तो बिल्ला घेऊन त्या सकाळी जी बाई आत गेली होती, तिची मुलगी आज भांड्यांना डाख लावते.

डाख म्हणजे कथलाचा सांधा. गळणारी किटली, तडकलेले पातेले, बूड सुटलेला डबा असले काही घेऊन लोक तिच्याकडे येतात. गल्लीत तिचे नाव डाखवालीच पडले आहे. पन्नाशी उलटून गेली तरी हात स्थिर आहे. नजर मात्र चष्म्याशिवाय चालत नाही, आणि चष्म्याची दांडीही तिने स्वतःच डाख देऊन जोडलेली आहे. दुकान म्हणजे रस्त्याकडे दार असलेली बापाची खोली. आत शेगडी, भाता, ऐरण, कानशींची रांग, पत्रा कापायची मोठी कात्री आणि गिऱ्हाइकासाठी एक तीन पायांचे स्टूल. त्याचा चौथा पाय तिच्या लहानपणीच मोडला. बापाने दुनियेची भांडी सांधली, पण स्टुलाचा पाय काही बसवला नाही.

एका सकाळी एक निवृत्त कारकून जळकी किटली घेऊन आला.

"एवढं काय निरखताय? बुडाला ठिगळ मारा आणि द्या."

"मारीन हो. पण ते धरून बसणार कशाला? जळकं पितळ डाख धरत नाही. आधी जळलेलं कापायचं, चांगला धातू लागेपर्यंत. मग नवं बूड."

"म्हणजे किटली राहिली बाजूला आणि बुडाचाच थाट!"

"किटली शेगडीवर ठेवून डुलकी काढायची हौस कुणाची होती? माझी?"

कारकून हसला, किटली ठेवून गेला. असे संवाद तिच्या दुकानात रोज होतात. त्यातला नियम तिचा नव्हे, बापाचा. बापाने तिला अक्षरे गिरवायला शिकवण्याआधी दोन गोष्टी शिकवल्या होत्या. जळके ठेवून वर काही चढवायचे नाही, ही पहिली. सांधा डोळ्यांना दिसता कामा नये आणि बोटालाही लागता कामा नये, ही दुसरी. दुरुस्त केलेले भांडे गिऱ्हाइकाने हातात घेतल्यावर, नेमके काय झाले होते हे त्यालाच आठवू नये, अशी बापाची कामाची व्याख्या होती. या दोन गोष्टींवर त्या घराची दोन पिढ्यांची भाकर चालली. पुढे जे झाले तेही या दोन गोष्टींमुळेच झाले.

आई कारखान्यात नोकरीला नव्हती. नोकरीला होती ती शेजारची काकू. पण गल्लीतल्या बायकांनी आपापसांत एक सोय करून ठेवली होती, तिला त्या उसना दिवस म्हणत. पीठ, साखर उसनी घ्यावी तसा दिवस उसना घ्यायचा. कुणाचे मूल तापले, कुणाच्या घरी म्हातारे माणूस पडले, की दुसरी बाई तिचा बिल्ला उचलून तिच्या जागी उभी राहायची. पुढे कधीतरी पहिलीने तो दिवस फेडायचा. फण्या घासायला चेहरा लागत नव्हता, हात लागत होते. मुकादमाला हे सगळे ठाऊक होते आणि खाडा पडत नाही तोवर त्याची तक्रारही नव्हती. नियमात मात्र हे बसत नव्हते. सापडलेल्या बाईचे काम जायचे.

त्या दिवशी काकूच्या मुलाला ताप होता. आईने बिल्ला घेतला, पितळी डबा घेतला आणि आठ वर्षांच्या मुलीला म्हणाली, "बाबांना म्हणावं, दुपारी जेवून घ्या. नाहीतर बसतील त्या फुटक्या हंड्याशी गप्पा मारत." एवढेच शेवटचे बोलणे. त्यात निरोपासारखे काहीच नव्हते.

दुसऱ्या दिवशी बाप फाटकाशी गेला. मुकादमाने त्याला बाजूला घेतले.

"तुझी बायको इथे कामाला आहे का?"

"नाही. पण काल शेजारणीच्या जागी—"

"शेजारीण घरी आहे ना धडधाकट? मग? जी इथे कामालाच नव्हती ती इथे मरेल कशी? जरा इकडेतिकडे चौकशी कर. कुणाबरोबर दिसली होती का ते बघ."

शेवटचे वाक्य त्याने मोठ्याने म्हटले. फाटकाशी गर्दी होती. काकूला आदल्या संध्याकाळीच बजावून झाले होते, की तू जिवंत आहेस हेच पुष्कळ आहे, बिल्ला हरवला म्हण आणि गप्प बस. काकू गप्प बसली. महिन्याभराने ती बापाच्या पायांशी बसून रडली, सगळे सांगितले, आणि त्यानंतर नवऱ्याला आणि मुलाला घेऊन गाव सोडून गेली. तिकडेच वारली. तिच्या भित्रेपणाला शिव्या देणे सोपे आहे. पण ज्या व्यवस्थेत शेजारणीला मदत करणे हाच गुन्हा ठरतो, तिथे खरे बोलायला किती धैर्य लागते, हे दुरून सांगणाऱ्यांनी जरा जपून सांगावे.

मुकादमाचे वाक्य मात्र गल्लीत राहिले. आई पळून गेली. शाळेत शेजारी बसणारी मुलगी म्हणाली, "तुझी आई पळाली ना?" आणि खोडरबर मागितले. लग्न ठरताना हे लपवावे लागले, लग्नानंतर ते फुटले. सासू वाईट नव्हती, पण दर भांडणाच्या शेवटी तिचे एक वाक्य ठरलेले असे : "आईवर जाऊ नकोस म्हणजे झालं." डाखवाली तेव्हा हातातले भांडे जरा जास्त जोरात घासत असे.

आई कारखान्यातच गेली याची बापाला खात्री होती, कारण डबा त्याला सापडला होता. जळक्या मालाचा ढीग कारखान्यामागच्या आवारात ओतला होता. राखणदाराचा डोळा चुकवून लोक त्यात आपापल्या माणसाचे काही शोधत होते. डबा काळाठिक्कर होता, झाकण वाकलेले होते. पण तो बापाने स्वतः घडवला होता, आणि आपल्या हातचे काम काळोखातही ओळखू येते. सदऱ्याखाली धरून त्याने तो घरी आणला. कुणाला दाखवला नाही. दाखवणार कुणाला? फाटकावर ऐकले होते तेवढे त्याला पुरले होते.

कित्येक दिवस डबा फळीवर तसाच होता. मग एका दुपारी बापाने शेगडी पेटवली. मुलगी भात्याशी बसली. बाप आधी घासत राहिला. काळा थर सुटला, पिवळे दिसू लागले. मग झाकण ठोकून सरळ केले. बुडाची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, "जा, पाणी घेऊन ये." नळावर रांग होती. ती परत आली तेव्हा डब्याला नवे बूड बसलेले होते आणि बाप कानस पुसत होता.

"घे. उद्यापासून शाळेत ह्यातच जेवण ने."

त्या घरात दुसरा डबा नव्हता. ज्यांच्याकडे चार डबे असतात त्यांना एक डबा आठवण म्हणून कपाटात ठेवता येतो. बापाला तो मार्ग नव्हता. शिवाय तो काळा डबा रोज समोर बघत त्याच खोलीत काम करणे त्याच्याच्याने झाले नसते. मुलीने त्यात शाळेचे जेवण नेले, पुढे नवऱ्याने त्यात कामावर जेवण नेले, मग मुलाने नेले. झाकण दोनदा बदलले. कडी तीनदा. प्रत्येक दुरुस्ती तिने स्वतः केली, आणि सांधा कुठे आहे हे तिचे तिलाच शोधावे लागे.

कारखान्याची पडकी इमारत पुढे विद्यापीठाने घेतली आणि तिथे कामगारांचे वस्तुसंग्रहालय करायचे ठरवले. त्यासाठी एक प्राध्यापिका गल्लीत आली. सगळे तिला मॅडम म्हणू लागले. तिने गल्लीतल्या लोकांना गोळा केले आणि पिशवीतून फण्या घासायची एक खरवडणी काढली. लाकडी मुठीला एका बाजूला खळगा पडलेला होता.

"हा खळगा अंगठ्याचा आहे," ती म्हणाली, "आणि तो उजव्या बाजूला आहे. म्हणजे ही बाई डावखुरी होती. मालकाच्या कागदावर हिचं नावसुद्धा चुकीचं लिहिलंय. पण हिच्या अंगठ्यानं काही चूक केलेली नाही. कागद ज्यांनी लिहिले ते त्यांचं सांगून गेले. बाकीच्यांनी लिहिलं नाही, वस्तू वापरल्या. इतिहास त्या वस्तूंतही आहे, तो वाचायला शिकायला हवं."

मागे उभ्या असलेल्या डाखवालीने त्या मुठीकडे बराच वेळ पाहिले. घरी येऊन सुनेला म्हणाली, "डब्यावरून कळतं म्हणे सगळं."

"कुठल्या डब्यावरून?"

"तुझ्या नवऱ्याच्या."

"त्याच्यावरून एवढंच कळेल की तुमचा मुलगा भाजी परत आणतो," सून म्हणाली. मग सासूचा चेहरा पाहून तिने हातातले काम ठेवले आणि जवळ येऊन बसली. त्या दिवशी डाखवालीने तिला पहिल्यांदा सगळे सांगितले. सून ऐकून घेऊन एवढेच म्हणाली, "मग द्या की नेऊन. आजेसासूबाईंचं नाव भिंतीवर लागेल. आणि त्याला मी दुसरा डबा घेते, स्टीलचा."

संग्रहालयात एक भिंत ठेवली होती. तिच्यावर एकतीस नावे यायची होती आणि प्रत्येक नावाखाली त्या बाईची एक वस्तू. कुणी चष्म्याची वितळलेली दांडी दिली होती, कुणी किल्ली, कुणी एकमेकींना चिकटून गोळा झालेल्या फण्या. डाखवालीला भिंतीवर बत्तिसावे नाव हवे होते. दुसरे काही नको होते. तिथे नाव लागले की गल्लीत कुणाला काही सांगत बसावे लागणार नव्हते.

तिने डबा न्यायच्या आदल्या दिवशी घासला. कुणाच्या घरी भांडे पाठवायचे तर ते घाण पाठवीत नाहीत. राख, लिंबू, पुन्हा राख. मग मऊ फडके. डबा असा लखलखला की त्यात चेहरा दिसावा. स्वच्छ कापडात गुंडाळून तिने तो मॅडमच्या टेबलावर ठेवला. मॅडमने हातमोजे चढवले.

"अहो, हातमोजे कशाला? घासून आणलाय मी."

मॅडमने कापड उलगडले आणि तिचे हात थांबले.

"कधी घासलात, मावशी?"

"कालच. का? कुठे राहिलंय का काही?"

"नाही," मॅडम म्हणाली. "काहीच राहिलेलं नाही."

तिने डाखवालीला बसवून नीट समजावले. चिडली नाही, हेही सांगायला हवे. भिंतीसाठी समितीचा नियम होता, की नव्या नावाला दोन पुरावे हवेत, एक तोंडी आणि एक वस्तूचा. तोंडी साक्ष मुलीची होतीच. पण वस्तूने आगीत असल्याचे स्वतः दाखवले पाहिजे. काजळी, वितळलेले कथील, जळून बदललेला धातू यांपैकी काहीतरी.

"काजळी बाबांनी तेव्हाच काढली. आणि तापलेलं म्हणाल तर हा डबा माझ्याच हातानं किती वेळा शेगडीवर तापलाय."

"तेच तर. प्रयोगशाळेत पाठवला तरी ते म्हणतील, तापला होता खरा. पण आगीत की तुमच्या शेगडीवर, हे सांगता येणार नाही."

"मी सांगते ना."

"तुम्ही सांगता, मावशी, आणि माझा विश्वास आहे. पण माझ्या विश्वासावर भिंतीवर नाव लिहिता येत नाही. आज एक नाव ऐकीव लिहिलं, तर उद्या मालकांच्या वारसांचा वकील उभा राहील. म्हणेल, वाळूच्या बादल्या रिकाम्या होत्या, दुसरा जिना मालानं भरलेला होता, तेही असंच ऐकीव लिहिलं असेल. एका नावापायी सगळी भिंत जाईल."

डाखवालीला हे पटले. पटले म्हणून दुःख कमी झाले नाही. सुतळीचे टोक शोधावे तशी ती डबा हातात फिरवत राहिली, आणि बोटे बुडाशी येऊन थांबली.

"ह्याला बूड नवं आहे," ती सावकाश म्हणाली. "पूर्ण बूड. वरून चढवलेलं. ते काढलं तर खाली जुनं असेल."

मॅडमने मान वर केली. "जुनं बूड आत आहे?"

"ते बसवलं तेव्हा मी नळावर होते. पण बाबा एखादे वेळी ठेवतीलही. आईचा होता ना डबा."

"काढलं तर डबा मोडेल?"

"मोडेल."

"आमच्या नियमात वस्तू मोडून बघता येत नाही," मॅडम म्हणाली. "पण वस्तू अजून तुमची आहे. मी तुम्हाला काढा म्हणणार नाही. काढू नका असंही म्हणवत नाही."

घरी सुनेने विरोध केला. "एवढी एकच वस्तू आहे त्यांची. तीही फोडायची? आणि आत काही नसलं तर?"

"असेल."

"कशावरून?"

किटली घेऊन आलेल्या कारकुनाला डाखवालीने याच खोलीत, याच ऐरणीशी उभे राहून जे ऐकवले होते, ते तिला त्या क्षणी आठवायला हवे होते. धंद्यातली प्रत्येक गोष्ट तिला पाठ होती. पण परक्याच्या भांड्याला लावलेला नियम माणूस आपल्या आईच्या भांड्याला लावीलच असे नाही. चव्वेचाळीस वर्षांत तिने त्या बुडाला कधी हात लावला नव्हता, कारण बापाचा सांधा कधी सुटलाच नाही. त्या सांध्याखाली बापाने आईचे काहीतरी झाकून ठेवले आहे, असे तिने केव्हातरी मनाशी धरून ठेवले होते. आता तेवढेच तिच्याकडे उरले होते.

ठरल्या दिवशी सकाळी मॅडम कॅमेरा घेऊन दुकानात आली आणि तीन पायांच्या स्टुलावर बसताना जवळजवळ पडली.

"भिंतीला टेकवून बसा त्याला," डाखवाली म्हणाली. "ते स्टूल गिऱ्हाईक फार वेळ बसू नये म्हणूनच ठेवलंय."

मॅडम हसली. सून दारात उभी होती, ती हसली नाही.

शेगडी पेटली. डाखवालीने डबा उलटा धरला आणि बुडाची कड एकसारखी तापवत नेली. सगळी कड एकदम सुटायला हवी, नाहीतर पत्रा वाकतो. कथील चमकले, पाण्यासारखे हलले. तिने चिमट्याने कड धरली आणि एका बाजूने अलगद ओढली. बापाचे बूड नाणे निसटावे तसे निसटले.

खाली काही नव्हते.

जुने बूड नव्हते. त्या जागी एक भोक होते, स्वच्छ आणि पूर्ण गोल. बापाने जळलेला पत्रा चांगला धातू लागेपर्यंत कात्रीने कापून काढला होता. मग कड कानशीने घासली होती, इतकी, की बोट फिरवले तर कुठे अडकू नये. डब्यातून ऐरणीची काळी पाठ दिसत होती.

मॅडमने कॅमेरा उचलला नाही. तिने विचारले, "याचा अर्थ काय, मावशी?"

"बाबांनी काम नीट केलं."

"कापलेला तुकडा?"

"मोडीत गेला असेल. मोड आम्ही साठवत नाही, विकतो. ती वितळवतात." ती कडेवरून अंगठा फिरवत होती. "कुणाच्या तरी घरी नळाची तोटी झाली असेल."

मग ती सुनेकडे वळली. "मला माहीत होतं ग. जळकं ठेवून वर काही चढवत नाहीत. मीच सांगते सगळ्यांना."

सून आत आली आणि तिने सासूच्या हातातला चिमटा काढून घेतला, कारण त्याचे टोक अजून तापलेले होते.

बापाने दुसरे काही करायला हवे होते असे म्हणणारे निघतील. त्याने तो डबा काळाच ठेवायचा, कोपऱ्यात जपायचा, कुणीतरी विचारायला येईल याची वाट पाहायची. पण चव्वेचाळीस वर्षे कुणी आले नाही, आणि मुलीला दुसऱ्या दिवशी शाळेत जायचे होते. वस्तूंवरून इतिहास लिहिणे हे न्यायाचे काम आहे. ज्यांनी कागद लिहिले नाहीत त्यांना त्यामुळे बोलता येते. पण ज्या घराला आपली वस्तू वापरूनच संपवावी लागली, त्याची वस्तू शेवटी एवढेच सांगते, की ती वापरली गेली. कपाटात राहिलेल्या गोष्टी भिंतीपर्यंत पोचल्या. डाखवालीच्या आईची गोष्ट रोज सकाळी जेवण घेऊन घराबाहेर जात होती आणि संध्याकाळी घासून पालथी पडत होती.

समितीने निर्णय दिला : सिद्ध होत नाही. मॅडमने तो स्वतः येऊन सांगितला, दुसऱ्या कुणाला पाठवले नाही. तोंडी साक्ष तिने शब्दशः नोंदवून घेतली होती आणि ती विद्यापीठाच्या संग्रहात राहणार होती. ज्याला वाचायची असेल त्याला तिथे जाऊन वाचता येईल. डब्याबद्दलही तिने एक सुचवले.

"दुसऱ्या दालनात घरगुती भांडी आहेत. तिथे हा ठेवता येईल. अशी दुरुस्ती आता कुठे पाहायला मिळत नाही."

"खाली काय लिहाल?"

"पितळी डबा. बूड आणि झाकण बदललेलं."

"कुणाचा?"

मॅडम म्हणाली, "तेच लिहिता येणार नाही, मावशी."

"मग राहू दे." डाखवालीने डबा आणि सुटलेले बूड कापडात बांधले. "तिथे नुसतं भांडं होऊन बसायचं, त्यापेक्षा घरी बरा. घरी निदान कुणाचा ते माहीत आहे."

मॅडम दारापर्यंत जाऊन परत वळली. "तुम्ही माझ्यावर रागावला असाल."

"तुमच्यावर कशाला रागावू? तुम्ही तुमचं काम नीट केलंत." हे तिने टोमणा म्हणून म्हटले नव्हते. पण तेच शब्द दुसऱ्यांदा ऐकताना मॅडमला खाली पाहावे लागले.

त्या आठवड्यात डाखवालीने बूड परत बसवायला घेतले. या वेळी तिने एक ठरवले होते. सांधा तसाच ठेवायचा. कथील कडेला जाड राहू द्यायचे, कानस लावायची नाही. हाताला खडबडीत लागू दे. डबा हातात घेणाऱ्याने विचारले पाहिजे, हे काय झाले होते. बापाच्या दुसऱ्या नियमाविरुद्ध तिने आयुष्यात एकदाच जायचे ठरवले.

नवसागर लावला, कथील फिरवले, बूड बसले. डबा निवेपर्यंत ती कारकुनाच्या किटलीकडे वळली. त्याने मधल्या काळात ती पुन्हा जाळून आणली होती आणि बाहेरून ओरडून विचारत होता, "झाली का हो?" ती त्याच्याशी दोन शब्द बोलली. आजूबाजूला सुनेचा वावर चालू होता, रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत होते. तिने डबा मांडीवर घेतला.

थोड्या वेळाने सून आली. तिने डबा उचलला, उजेडाकडे धरला, बुडाच्या कडेवरून बोट फिरवले.

"सासूबाई, सांधा ठेवणार होतात ना?"

डाखवालीने आपल्या हाताकडे पाहिले. उजव्या हातात बारीक कानस होती आणि मांडीवर कथलाचा भुगा पडला होता. कानस केव्हा घेतली ते तिला आठवेना. तिने डबा परत घेतला, चष्मा चढवला, कड दोनदा तपासली. सांधा दिसत नव्हता. बोटालाही लागत नव्हता.

"बाबांचा हात," ती म्हणाली, आणि तिने चष्मा काढला.

भिंतीचे उद्घाटन झाले. तिच्यावर एकतीस नावे आहेत आणि प्रत्येक नावाखाली एक वस्तू. डावखुऱ्या बाईचे नाव आता बरोबर लिहिलेले आहे. बत्तिसाव्या बाईविषयी फाटकावर मोठ्याने उच्चारलेला शब्द कुणी परत घेतलेला नाही. शेजारणीला तिने उसना दिलेला दिवस अजून फिटलेला नाही.